केन्शी योनेझुचं ‘लेमन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘लेमन’ हे जपानी गाणं पहिल्यांदा ऐकलं की लोक साधारण तेच प्रश्न विचारतात. कुणी अॅनिमेच्या, म्हणजे जपानी अॅनिमेशनच्या, वाटेने त्याचा गायक योनेझु याच्यापर्यंत पोचलेलं असतं, कुणी जपानी भाषेच्या वर्गातून, तर कुणाला मैत्रिणीने रात्री अकरा वाजता नुसती लिंक पाठवलेली असते, सोबत एक शब्दही न लिहिता. गेली काही वर्षं मी ही उत्तरं तोंडी देत आले आहे. आता एकदाची लिहून काढते. गाणं ज्या जपानी टीव्ही मालिकेसाठी झालं, त्या ‘अननॅचरल’मधल्या मुख्य पात्रांची थोडी पूर्वकथा इथे येईल, पण कुठल्याही भागाचं रहस्य फोडलेलं नाही.

हे गाणं नेमकं कोणतं, कुणाचं, कधीचं?

केन्शी योनेझु या जपानी गायकाचं हे २०१८ सालचं सिंगल. शब्द त्याचे, चाल त्याची, आवाजही त्याचाच. टीबीएस वाहिनीवरच्या ‘अननॅचरल’ या मालिकेसाठी त्याने ते केलं. मालिका १२ जानेवारी २०१८ ला सुरू झाली. दर शुक्रवारी रात्री दहाला एक भाग, असे दहा भाग होऊन ती १६ मार्चला संपली. गाणं डाउनलोडसाठी १२ फेब्रुवारीला आलं आणि सीडी १४ मार्चला, म्हणजे शेवटच्या भागाच्या दोन दिवस आधी. पहिला महिनाभर ते ऐकायचं तर टीव्हीसमोर बसण्यावाचून इलाज नव्हता, आणि तिथेही ते अर्धंमुर्धंच, पात्रांच्या संवादांखाली ऐकू यायचं.

गाण्याचं नाव रोमन लिपीत छापलेलं असलं तरी जपानी माणूस ते ‘रेमोन’ असंच उच्चारतो.

‘अननॅचरल’ ही मालिका कशाबद्दल आहे?

मेलेल्या माणसांबद्दल, आणि त्यांच्यामागे राहिलेल्यांबद्दल. जपानमध्ये संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूंपैकी फार थोड्यांचंच शवविच्छेदन होतं. ही उणीव भरून काढायला एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आहे, अशी कल्पना करून कथा रचली आहे. प्रयोगशाळेचं नाव यूडीआय लॅब. ती खरी नाही, पण प्रश्न खरा आहे.

तिथली डॉक्टर मिकोतो मिसुमी ही भूमिका सातोमी इशिहाराने केली आहे. लहानपणी मिकोतोच्या आईने सगळ्या कुटुंबासकट जीव द्यायचं ठरवलं आणि त्यातून ही एकटी वाचली. एवढं मोठं दुःख पाठीशी असलेलं पात्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिडकीतून शून्यात बघणारी बाई येते. मिकोतो तशी मुळीच नाही. पहिल्याच भागात ती कामाच्या आधी लॉकरच्या खोलीत बसून मनापासून जेवते. लेखिका अकिको नोगीने तिला भूक दिली, झोप दिली, सहकाऱ्यांशी थट्टामस्करी दिली. मृत्यूबद्दलच्या मालिकेत जेवणाला इतकी जागा द्यावीशी वाटणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

दुसरा डॉक्टर केइ नाकादो, म्हणजे नट अराता इउरा. तुसडा, शिवराळ, कुणाशी जमवून न घेणारा. काही वर्षांपूर्वी त्याच्याच टेबलावर त्याच्या प्रेयसीचा मृतदेह आला होता आणि त्याने स्वतःच्या हातांनी तिचं विच्छेदन केलं होतं. ती कशी मेली, हा एकच प्रश्न घेऊन तो जगतो आहे. हे कळल्यावर त्याच्या दृश्यांखाली वाजणारं ‘लेमन’ वेगळं ऐकू येऊ लागतं.

दिग्दर्शन मुख्यतः आयुको त्सुकाहाराचं, निर्मिती जुंको अराईची. लेखिका, दिग्दर्शिका, निर्माती आणि नायिका अशा चौघी बायका या कामाच्या मध्यभागी आहेत, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

गाणं आधी झालं की मालिका?

मालिका. जपानमध्ये अशा कामाला ‘ताइआप्पु’ म्हणतात: मालिका, चित्रपट किंवा जाहिरात यांच्याशी जोडून गाणं काढायचं. मालिकेकडून योनेझुकडे मागणी आली ती अशी, की दुखावलेल्या माणसाला हळुवार कवेत घेईल असं काहीतरी हवं. त्याने काम सुरू केलं. आणि गाणं अर्ध्यावर असताना त्याचे आजोबा वारले.

नंतर त्याने याबद्दल मोकळेपणाने सांगितलं आहे. मृत्यू या विषयाकडे तोवर तो एका अंतरावरून बघत होता. ते अंतर एकदम नाहीसं झालं. कवेत घेणारं, समजूत काढणारं गाणं करायला निघालेला माणूस शेवटी ‘तुम्ही गेलात याचं मला दुःख होतंय’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणणारं गाणं घेऊन परत आला. गाण्यात त्यापलीकडे काही नाही, असं तो स्वतःच म्हणतो.

माझ्या मते गाण्याची सगळी ताकद इथे आहे. आपल्याकडे कुणी गेलं की लोक भेटायला येतात. चहा होतो, कधी झालं, कसं झालं हे विचारून होतं, आणि उठताना प्रत्येक जण काहीतरी बोलतो. सावरा आता. सुटले बिचारे. आपल्या हातात काय असतं? माणसं चांगलीच असतात आणि त्यांना खरंच वाईट वाटत असतं. पण ज्याच्या घरात ते घडलेलं असतं त्याला त्या घटकेला सावरायचं नसतं. ‘लेमन’ सावरायला सांगत नाही. ते येतं, शेजारी बसतं, आणि आपल्यालाही तेच झालं आहे म्हणतं. मागणी सांत्वनाची होती. योनेझुने सांत्वन करायचं सोडून दिलं आणि म्हणूनच लाखो लोकांना ते सांत्वन वाटलं.

आपल्या मालिकांच्या शीर्षकगीतासारखंच आहे ना हे?

नाही, आणि हा फरक समजला की अर्धं गाणं समजतं.

आपल्याकडे शीर्षकगीत मालिकेच्या सुरुवातीला येतं. पात्रांचे हसरे चेहरे, अंगण, तुळस, नावांच्या पाट्या. रोज ऐकून पाठ होतं आणि मग स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘लागली का गं?’ गाणं म्हणजे हाक. जपानी मालिकेत मुख्य गाण्याला ‘शुदाइका’ म्हणतात आणि पुष्कळदा ते भागाच्या शेवटाकडे, कथा टिपेला पोचली असताना सुरू होतं. ते प्रेक्षकाला बोलवत नाही. जे घडलं ते घेऊन त्याला घरी सोडतं.

‘अननॅचरल’मध्ये हे फार नेमकं साधलं आहे. प्रत्येक भागात एक मृत्यू, त्यामागचं एक कोडं. ते सुटतं, मेलेल्या माणसाच्या शेवटच्या क्षणांबद्दलची एखादी गोष्ट घरच्यांना कळते, आणि त्या शांततेत योनेझुचा आवाज येतो. हे स्वप्न असतं तर किती बरं झालं असतं, अशा अर्थाची पहिली ओळ. दहा भागांत मरणारी माणसं वेगळी, त्यांची वयं वेगळी, मागे राहिलेले वेगळे, तरी दर वेळी वाटतं की हे गाणं याच माणसासाठी लिहिलं असणार. शब्दांत कुठेही दवाखाना नाही, अपघात नाही, खून नाही. त्यामुळे ते कुणाच्याही मरणाला लागू पडतं.

मालिकेच्या गाण्याने देशभर धुमाकूळ घालायची जपानमध्ये जुनी परंपरा आहे. १९९१ साली फुजी टीव्हीच्या सोमवारी रात्री नऊच्या मालिकांमधून आलेली दोन गाणी, एक काझुमासा ओदाचं आणि दुसरं चागे अँड आस्का या जोडीचं, प्रत्येकी २५ लाखांहून जास्त खपली. मालिका तीन महिन्यांची, दर आठवड्याला एक भाग, आणि प्रत्येक भागात भावना अगदी काठोकाठ भरली असताना तेच गाणं. दहा-अकरा आठवड्यांत ते गाणं प्रेक्षकाच्या स्वतःच्या आठवणीसारखं होऊन बसतं. शेकडो भाग चालणाऱ्या रोजच्या मालिकेत हे होणं अवघड.

नाव ‘लेमन’च का? लिंबाचा मरणाशी काय संबंध?

गाण्यात लिंबाच्या कडवट वासाची एक ओळ आहे. छातीत राहून गेलेला, जायला तयार नसलेला वास. आणखी एके ठिकाणी मधोमध कापलेल्या फळाच्या एका अर्ध्या भागाची प्रतिमा येते.

मराठी वाचकाला इथे एक अडचण येते. आपलं लिंबू म्हणजे कागदी लिंबू: लहान, गोल, पातळ सालीचं, रसाळ. त्याची आठवण पोह्यांवर पिळलेल्या फोडीची, लोणच्याच्या बरणीची, उन्हातून आल्यावर मिळालेल्या सरबताची. आंबट, पण उल्हासाची. जपानी लेमन म्हणजे पिवळं, लांबट, जाड सालीचं फळ. हल्ली मोठ्या दुकानांत आयात केलेलं मिळतं. मी एकदा मुद्दाम आणलं आणि नखाने साल खरवडून पाहिली. आधी तेलाचा बारीक फवारा उडाला आणि खोलीभर स्वच्छ, थंड वास पसरला. मग नखाखाली पांढरा गर आला. तो जिभेला लावला तर कडू. हात दोनदा धुतले तरी रात्री पुस्तक वाचताना बोटांना वास येतच होता. त्या रात्री ती ओळ मला समजली, शब्दकोशातून समजली होती त्याहून कितीतरी जास्त.

जपानी वाचकाच्या मनात लिंबू आणि मृत्यू यांची गाठ आधीपासून आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. कवी कोतारो ताकामुरा याची पत्नी चिएको १९३८ साली वारली. तिने शेवटच्या घटकेला लिंबाचा चावा घेतला, त्यावरची त्याची कविता जपानमध्ये घराघरात माहीत आहे. त्याच्या चिएकोवरच्या कवितांचा संग्रह १९४१ मध्ये आला. त्याआधी १९२५ साली मोतोजिरो काजिई याने क्योतोमधल्या पुस्तकांच्या दुकानात एक लिंबू ठेवून निघून जाणाऱ्या, खिन्न मनाच्या माणसाची कथा लिहिली. त्या लिंबाचा बॉम्ब होऊन सगळं दुकान उडेल, अशी कल्पना करत तो चालू लागतो. तेव्हा ‘लेमन’ हा शब्द कानावर पडला की जपानी मनात रसवंतीगृह उभं राहत नाही.

योनेझु ज्या तोकुशिमा प्रांतातला, तो प्रांत ‘सुदाची’ या लहान, हिरव्या, आंबट फळासाठी प्रसिद्ध आहे. ते मात्र आपल्या कागदी लिंबाचं भावंड शोभेल.

गाण्यातली ती व्यक्ती कोण? प्रेयसी की आजोबा?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

गाण्यात ज्याला उद्देशून बोललं आहे त्याला ‘आनाता’, म्हणजे तू किंवा तुम्ही, म्हटलं आहे. हा शब्द पुरुषालाही चालतो, बाईलाही. बायको नवऱ्याला तोच शब्द वापरते, आणि अनोळखी माणसालाही तो चालतो. जपानी क्रियापदाला लिंग नसतं. बोलणारा ‘मी’साठी ‘वाताशी’ हा शब्द वापरतो. जपानी गाण्यांत तरुण गायक ‘मी’साठी सर्रास ‘बोकु’ म्हणतात आणि त्यातून पोरगेलेपण येतं. ‘वाताशी’ने ते जातं, बोलणारा बाई आहे की पुरुष हेही झाकून जातं. शिवाय पहिल्याच ओळीचा शेवट ‘देशोऽ’ या सभ्य, आदराच्या रूपाने होतो. जवळच्या माणसाशी रडत बोलताना कुणी इतकं नीटनेटकं बोलत नाही. पण ज्याच्याशी बोलायचं तो आता समोर नाही. पत्र लिहिताना भाषा आपोआप सावरून बसते, तसं काहीसं ते वाटतं.

आता हे मराठीत आणा. मराठीत भूतकाळ आला की लपायला जागा उरत नाही. ‘गेलास’ म्हटलं की तो पुरुष झाला. ‘गेलीस’ म्हटलं की बाई. ‘गेलात’ म्हटलं की वडीलधारं कुणीतरी.

पुण्यात मी जपानी शिकत होते तेव्हा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, एका शनिवारी या गाण्याच्या पहिल्या चार ओळींचं मराठी करून आणायला सांगितलं. वर्गात आम्ही मोजकेच होतो. एकाने ‘तू गेलीस’ केलं. बहुतेकांचं तसंच होतं, प्रेमभंगाच्या गाण्यासारखं, थोडं गझलेच्या वळणाचं. मी ‘तू गेलास’ केलं होतं. आमच्यात वयाने सगळ्यात मोठा, एका कंपनीत नोकरी करून वर्गाला येणारा एक जण होता. त्याने वही उघडली आणि वाचलं, ‘तुम्ही गेलात’. पुढच्या ओळी त्याने वाचल्या नाहीत. वही मिटून तो म्हणाला, ‘पप्पांना आम्ही अहो-जाहोच करायचो.’ सेन्सेईंनी फळ्यावर कुणाचंच भाषांतर लिहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी आपापलं खोडून ‘तुम्ही’ केलं नाही, तेही बरं झालं. तिन्ही बरोबरच होती.

योनेझुच्या मनात आजोबा होते हे आपल्याला माहीत आहे. पण त्याने गाण्यात तसं सांगितलेलं नाही. तुमचं माणूस जे असेल ते.

ऐकताना मध्येच ‘वे’ असा एक विचित्र आवाज येतो. तो काय आहे? माझे हेडफोन खराब आहेत का?

हेडफोन ठीक आहेत. तालाबरोबर पेरलेला तो मानवी आवाजाचा तुकडा आहे, ध्वनिमुद्रित करून ठेवलेला, हिपहॉपमध्ये वापरतात तसा. इतक्या हळव्या गाण्यात तो पहिल्यांदा खटकतो, जपानमध्येही त्यावर भरपूर चर्चा झाली. मला तो आता हवाच असतो. सूर सलग, गुळगुळीत वाहू लागले की दुःखालाही एक प्रकारची साय धरते. तो आवाज ती साय मोडतो. रडता रडता उचकी लागावी तसा.

याला रॉक म्हणायचं का?

पॉप रॉक म्हणतात, आणि तेवढं चालेल. गिटार आहे, ड्रम आहेत, व्हायोलिनचा ताफा आहे, आणि तालाच्या बांधणीत हिपहॉपचं वळण आहे. लय मिनिटाला ८७ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे संथ चालणाऱ्या माणसाची. पेटीवर वाजवून बघणार असाल तर काळी चार धरून मायनर. लांबलचक सुरावट वाजून मग गायक येतो असं इथे नाही, आवाज जवळजवळ लगेचच सुरू होतो. मालिकेत दृश्याच्या मध्यावर गाणं शिरतं तेव्हा या गोष्टीचा केवढा तरी फायदा होतो.

गायला इतकं अवघड का जातं?

कारण ऐकताना सोपं वाटतं. कडव्यात सूर खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा चालतो. धृपदाशी आलं की एकाएकी वर चढतो आणि छातीचा आवाज सोडून डोक्यातल्या, पातळ आवाजात जावं लागतं, आणि तिथून लगेच खाली. ही ये-जा एकदा नाही, सारखी आहे. पुरुषांना वरचं जमत नाही, बायकांना खालचं सापडत नाही. त्यातून शब्द दाट, श्वासाला जागा कमी. तरीही २०१८ आणि २०१९ मध्ये जपानच्या कराओके खोल्यांत, म्हणजे नुसत्या संगीतावर आपण गायच्या खोल्यांत, सगळ्यात जास्त गायलेल्या गाण्यांत हे अव्वल होतं. घरी गाऊन बघायचं असेल तर पट्टी दोन-तीन सुरांनी उतरवा. लाज वाटून घेऊ नका.

व्हिडिओत योनेझुने उंच टाचांचे बूट का घातले आहेत?

व्हिडिओचा दिग्दर्शक तोमोकाझु यामादा. प्रार्थनामंदिरासारखी जागा, ओळीने बाकं, त्यांवर शोकाला आलेली माणसं, आणि समोर एकटी नाचणारी बाई: नाओ योशिगाई, जी स्वतः चित्रपटही करते. योनेझु बाकांमध्ये बसून गातो आणि मग लक्षात येतं की त्याच्या पायांत बायकांचे उंच टाचांचे बूट आहेत. मला ते असं दिसतं: गेलेल्या माणसाच्या वस्तूंत आपण काही दिवस राहतो. त्याचा स्वेटर घालतो, तिची शाल पांघरतो. ‘आनाता’ आणि ‘वाताशी’ यांत बाई-पुरुष झाकून ठेवणाऱ्या गाण्याला हे बूट शोभतातही.

खरंच एवढं गाजलं का, की चाहत्यांची अतिशयोक्ती?

बिलबोर्ड जपानच्या लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक यादीत ते २०१८ मध्ये पहिलं आलं आणि २०१९ मध्येही पहिलंच. सलग दोन वर्षं. यूट्यूबवरचा अधिकृत व्हिडिओ ८० कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आहे.

याला आणखी एक बाजू आहे. योनेझुने आपली गाणी स्ट्रीमिंगवर आणली ती थेट ५ ऑगस्ट २०२० ला, ‘स्ट्रे शीप’ हा अल्बम निघाला त्या दिवशी. तोपर्यंतची अडीच वर्षं ‘लेमन’ ऐकायचं तर एक तर यूट्यूबवर जायचं, किंवा पैसे देऊन ते गाणं विकत घ्यायचं. लोकांनी घेतलं. महिन्याच्या वर्गणीत आपोआप मिळालेलं गाणं आणि मुद्दाम विकत घेतलेलं गाणं यांत मला तरी फरक वाटतो.

तो टीव्हीवर गात नाही असं ऐकलं होतं. मग वर्षाअखेरच्या कार्यक्रमाचं काय?

३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर ‘कोहाकु’ हा गाण्यांचा कार्यक्रम होतो. जपानी घरांत वर्ष सरतं ते तो बघत. २०१८ च्या ३१ डिसेंबरला योनेझु त्यात गायला आणि टीव्हीवर थेट गाण्याची त्याची ती पहिलीच वेळ. तोवर प्रेक्षकांनी त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं, आणि गाणं तर वर्षभर प्रत्येकाच्या तोंडी.

तो तोक्योच्या सभागृहात आला नाही. आपल्या गावाकडून, तोकुशिमा प्रांतातल्या नारुतो इथल्या ओत्सुका कलासंग्रहालयातून गायला. हे संग्रहालयही ऐकण्यासारखं आहे. तिथे पाश्चात्त्य चित्रकलेतल्या हजाराहून अधिक कृतींच्या, मूळ आकारातल्या, चिनीमातीच्या फरशांवर केलेल्या प्रतिकृती आहेत. मायकेलअँजेलोने रंगवलेलं सिस्टिन चॅपलचं छतही अख्खं उभं केलं आहे. त्या छताखाली, असंख्य मेणबत्त्यांच्या मधोमध तो उभा राहिला, आणि कोहारु सुगावारा नाचली.

आजोबांच्या मृत्यूतून आलेलं गाणं त्याने टीव्हीवर पहिल्यांदा म्हटलं ते आपल्याच मातीत, हे मला फार लागलं. वर्षाच्या शेवटच्या रात्री जपानी माणसं गावी, आईवडिलांच्या घरी जमतात. त्या वर्षी ज्या घरात एक माणूस कमी होतं, तिथे ते गाणं कसं ऐकलं गेलं असेल?

योनेझु आधी काय करायचा? अॅनिमेतलं नाव वाटतं.

नाव खरं आहे, टोपणनाव नव्हे. जन्म १९९१, तोकुशिमा. टोपणनाव होतं ते आधीचं: ‘हाची’. त्या नावाने तो २००९ पासून निको निको या संकेतस्थळावर गाणी टाकायचा, आणि ती गायची हात्सुने मिकुसारख्या संगणकीय आवाजांत. २०१२ च्या ‘डायोरामा’ या अल्बमपासून तो स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात गाऊ लागला. चित्रंही स्वतः काढतो. ‘लेमन’च्या सीडीवरचं चित्र त्याचंच आहे.

अॅनिमे बघणाऱ्यांनी त्याला ‘माय हिरो अॅकॅडेमिया’साठी (२०१७) आणि ‘चेनसॉ मॅन’साठी (२०२२) ऐकलं असेल. हायाओ मियाझाकीच्या २०२३ च्या चित्रपटाचं गाणंही त्याचंच.

हाच चमू पुन्हा एकत्र आला का?

आला. नोगी, त्सुकाहारा आणि अराई या तिघींनी २०२० मध्ये ‘एमआययू ४०४’ ही पोलिसांवरची मालिका केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ‘लास्ट माइल’ हा चित्रपट. तिन्ही कथा एकाच जगात घडतात, त्यामुळे यूडीआय लॅबची माणसं पुन्हा भेटतात. तिन्ही वेळा गाणं योनेझुचं. गाणी मात्र एकमेकांसारखी नाहीत. ‘एमआययू’चं तर अंगात वीज खेळवणारं आहे. ‘लेमन’सारखं आणखी एक द्या, असं त्यांनी त्याला म्हटलं नाही आणि त्यानेही दिलं नाही.

जपानी येत नाही, मालिकाही पाहिलेली नाही. तरी ऐकावं का?

ऐका. माझ्या आईला जपानीचं एक अक्षर येत नाही. मी एकदा भांडी आवरताना हे लावलं होतं. ती डाळ निवडत बसली होती. गाणं संपल्यावर ताटातली बोटं थांबवून तिने विचारलं, ‘कुणी गेलंय का गं याचं?’ मी म्हटलं, हो, आजोबा. ती म्हणाली, ‘वाटलंच. परत लाव.’

पुढे मालिका बघायची झाली तर एक करा: एका बैठकीत संपवू नका. आठवड्याला एक भाग अशी ती बेतलेली आहे. शेवटी गाणं सुरू झालं की पुढचा भाग लावायची घाई न करता ते संपू द्या, पडद्यावर नावं सरकू द्या. सबटायटल्समध्ये गाण्याचे शब्द येत नसतील तरी चालेल.